मुंबई ते लंडन : अंतर किती, तास किती, आणि घड्याळ काय दाखवतं?

मावशीचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हा तिकिटाची छापील प्रत तिच्या हातात होती. "अरे, इथे लिहिलंय, दुपारी एकला मुंबईहून निघायचं आणि संध्याकाळी साडेसहाला लंडन. म्हणजे साडेपाच तास झाले. मग सूनबाई दहा तास का म्हणते?" परतीच्या तिकिटाने ती आणखीच चक्रावली होती. रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई, म्हणजे साडेतेरा तास. "येताना विमान एवढं हळू का येतं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बहुतेकांना तो पडतो, पण विचारायला संकोच वाटतो. आपण चार वेगवेगळ्या गोष्टींना मिळून 'अंतर' आणि 'वेळ' असे दोनच शब्द वापरतो, तिथे गोंधळ होतो. पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर एक, विमान प्रत्यक्ष कापतं ते दुसरं. तुम्ही विमानात बसून काढता ते तास वेगळे आणि दोन देशांच्या घड्याळांत दिसणारे तास वेगळे. हे चार आकडे सुटे करता आले की कुठल्याही दोन शहरांचं गणित घरी बसून मांडता येतं. इथे मी मुंबई–लंडनच घेतो. आपल्याकडचे हजारो आईवडील दरवर्षी हा प्रवास करतात आणि या गणितातले सगळे अवघड टप्पे या एका प्रवासात भेटतात.

पहिली पायरी : आधी विमानतळ पक्का करा

'लंडन' हे शहराचं नाव झालं. लंडनच्या नावाने चालणारे विमानतळ सहा आहेत : हिथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्युटन, सिटी आणि साउथएंड. हिथ्रो शहराच्या पश्चिमेला, स्टॅन्स्टेड ईशान्येला, आणि या दोघांमध्ये रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. मुंबईहून थेट जाणारी विमानं प्रामुख्याने हिथ्रोला उतरतात. मध्ये थांबा घेऊन जाणारं स्वस्त तिकीट मात्र गॅटविक किंवा स्टॅन्स्टेडचं असू शकतं. मुलगा हिथ्रोजवळ राहत असेल, तर तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातील.

तिकिटावर प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरं असतात. मुंबईची बीओएम, हिथ्रोची एलएचआर, गॅटविकची एलजीडब्ल्यू. ही अक्षरं वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याची अक्षरं एनएमआय. म्हणजे आता 'मुंबई' या नावाखालीही दोन विमानतळ आले. साताऱ्याहून किंवा पुण्याहून येणाऱ्याने हे आधी बघावं, कारण सहारचा जुना विमानतळ आणि उलव्याचा नवा यांच्यात अख्खी खाडी आहे.

दुसरी पायरी : दोरा घ्या आणि पृथ्वीचा गोल घ्या

सरळ अंतर काढायला संगणक लागतोच असं नाही. मावशीकडे नातवाचा शाळेतला पृथ्वीगोल होता, तीस सेंटिमीटर व्यासाचा, आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा. तिला म्हटलं, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाब, दुसरं लंडनवर धर आणि दोरा ताणून गोलाला चिकटू दे. मग तो तुकडा पट्टीवर मोज. तिचा दोरा भरला सतरा सेंटिमीटर.

आता हिशेब. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. ४०,००० ला ९४ ने भागलं की एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर येतात. सतरा गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर.

ज्यांना त्रिकोणमिती आठवते त्यांनी हे गणिताने पडताळून बघावं. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. हिथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४५ अंश पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (७३.३२ अंश) कोसाइन यांचा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज ०.४२४८ येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ६४.८६ अंश. पृथ्वीवर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात, म्हणून उत्तर सुमारे ७,२१२ किलोमीटर. शिवणाच्या दोऱ्याने काढलेलं उत्तर आणि हे उत्तर यांत तेरा किलोमीटरचा फरक! मावशीला हे सांगितलं, तेव्हा तिने दोरा पुन्हा मोजून खात्री करून घेतली.

दोरा कुठून गेला तेही नीट बघा, हे मी मुद्दाम सांगतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर मुंबई–लंडन रेषेचा मध्य तुर्कस्तानच्या दक्षिणेला पडतो. गोलावर दोरा ताणला की तोच मध्य बराच वर सरकतो आणि जॉर्जिया–आर्मेनियाच्या सीमेवर जातो. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, बलुचिस्तान आणि इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राजवळून काळ्या समुद्रावर येतो, मग युक्रेन, पोलंड, जर्मनी करत लंडन. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट कागदावर सहसा कमानीसारखा वाकलेला दिसतो. विमानातल्या पडद्यावर वाकडा मार्ग दिसला की 'पायलट लांबून नेतोय' असं अनेकांना वाटतं, पण ती वाकडी रेषाच बहुतेक वेळा सगळ्यांत जवळची असते.

एक सावधगिरी एककांची. काही ठिकाणी अंतर मैलांत असतं, काही ठिकाणी सागरी मैलांत. मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे हेच अंतर कुठे ४,४८० दिसेल, कुठे ३,८९० च्या घरात. आकडे वेगळे दिसले तर एकक तपासा.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष मार्ग

हा ७,२१२ चा आकडा म्हणजे किमान अंतर. याहून कमी कुठलंही विमान उडू शकत नाही. जास्त उडतं, आणि किती जास्त हे त्या त्या काळातल्या राजकारणावर ठरतं.

दोऱ्याखाली आलेले देश आठवा. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातल्या लढाईत इराण, इराकवरची वाहतूक थांबली. म्हणजे आपल्या सतरा सेंटिमीटरच्या दोऱ्यावर अडथळ्यांची रांगच आहे. मग विमान दक्षिणेकडून वळसा घेतं, अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूने आणि पुढे तुर्कस्तान, बाल्कन देश यांच्यावरून. मुंबई समुद्राकाठी असल्याने तिला हा वळसा दिल्लीपेक्षा हलका पडतो. दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं.

म्हणून माझं सांगणं, पाच वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेले तास प्रमाण मानू नका. ते खरं सांगत असतील, पण त्यांचा रस्ता आज उघडा असेलच असं नाही. आणि एकाच दिवशी एकाच शहराला जाणाऱ्या भारतीय आणि ब्रिटिश कंपनीच्या विमानांचे मार्गही वेगळे असू शकतात, कारण बंदी देश बघून घातली जाते.

एकेकाळी हा प्रवास एका दमात होतच नसे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत. त्या चार पंख्यांच्या लॉकहीड कॉन्स्टेलेशनने सुरू केलेल्या वाटेवर आज जेवण, दोन झोपा आणि एक चहा एवढ्यात माणूस पोचतो. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

चौथी पायरी : अंतरावरून तास

ढोबळ सूत्र सोपं आहे. लांबच्या प्रवासाला अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. ७,२१२ भागिले ८५० म्हणजे साडेआठ तासांच्या आसपास, त्यात अर्धा-पाऊण तास, म्हणजे नऊ-सव्वानऊ. जवळच्या प्रवासाला हेच सूत्र वापरून हात बसवा : मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ८५० ने भागलं की पाऊण तासाच्या वर थोडा, अधिक पाऊण तास, मिळून दीड तास. वेळापत्रकातही साधारण तेवढेच दिसतात. (याच दोन शहरांत रेल्वेने ८३७ किलोमीटर आणि समृद्धी महामार्ग ७०१. 'अंतर किती?' या प्रश्नाआधी 'कशाने?' हा प्रश्न विचारावा लागतो, तो यासाठी.)

मिळवलेला अर्धा-पाऊण तास कसला? दारं बंद झाल्यावर विमान मागे ढकललं जातं, रांगेतून धावपट्टीपर्यंत जातं, मग उडतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने कामं चालवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. हिथ्रोला वेगळी गंमत आहे. तिथे उतरायची पाळी येईपर्यंत विमानं ठरलेल्या चार जागांवर, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन हिल, एकावर एक थर करून घिरट्या घालतात. खाली लंडन दिसत असतं आणि विमान गोल गोल फिरतंय असं वाटलं तर घाबरू नका, ती रांग आहे. तिकिटावरच्या वेळेत हे सगळं धरलेलं असतं : विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या जागेवर थांबेपर्यंतचे तास म्हणजे तिकिटाचे तास.

आता वारा. उंचावर, साधारण नऊ ते बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आपल्या भूगोलाच्या पुस्तकात स्रोतवारे. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. समजा वळसा धरून मार्ग ७,५०० किलोमीटरचा झाला, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा सरासरी ताशी ६०. जाताना जमिनीवरचा वेग उरतो ८४०, म्हणून ८ तास ५६ मिनिटं. येताना तोच होतो ९६०, म्हणून ७ तास ४९ मिनिटं. एवढ्याशा वाऱ्याने तासाभराचा फरक पडतो, आणि हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात. चढणं, उतरणं, रांगा हे सगळं मिळवलं की जाताना साधारण साडेनऊ ते सव्वादहा तास आणि येताना पावणेनऊ ते साडेनऊ, असे आकडे तिकिटांवर दिसतात.

म्हणजे परतीचं विमान हळू येत नाही. उलट तेच लवकर येतं. मावशीच्या साडेतेरा तासांचं उत्तर घड्याळात आहे.

पाचवी पायरी : घड्याळ सोडवा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची लंडनच्या. या दोन वेळांची थेट वजाबाकी कधीही करू नका. आधी दोन्ही एकाच घड्याळात आणा.

भारत आणि ब्रिटन यांच्यातला फरक वर्षभर सारखा नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच तास. आपलं घड्याळ कधी हलत नाही. (मुंबईकरांना मात्र वेगळ्या घड्याळाची सवय होती : १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली शहराची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालू होती.)

मावशीचं तिकीट जूनमधलं. दुपारी १:०० वाजता मुंबई सोडली, तेव्हा लंडनला सकाळचे ८:३० वाजलेले. ती संध्याकाळी ६:३० ला उतरते. ८:३० ते ६:३० म्हणजे दहा तास. सूनबाईचं बरोबर होतं. परतीला रात्री ९:०० ला लंडन सोडलं, तेव्हा मुंबईत मध्यरात्रीनंतरचा १:३०. सकाळी १०:३० ला मुंबई, म्हणजे नऊ तास. हेच तिकीट डिसेंबरमधलं असतं आणि प्रवास तेवढ्याच तासांचा असता, तर ती लंडनला ६:३० ऐवजी ५:३० ला उतरली असती.

ज्यांना हे पुढेमागे करताना गोंधळायला होतं, त्यांच्यासाठी माझी आवडती युक्ती. जाण्याची आणि येण्याची 'दिसणारी' वेळ मिळवा आणि निम्मी करा. साडेपाच अधिक साडेतेरा म्हणजे एकोणीस, त्याचे निम्मे साडेनऊ. जाताना घड्याळातला फरक जेवढे तास खातो, तेवढेच येताना परत देतो, म्हणून बेरजेत तो आपोआप कटतो. हाती येते ती दोन्ही दिशांची खरी सरासरी. देशांमधला फरक किती आहे हे माहीत नसलं तरी ही युक्ती चालते. अट एकच, जाणं आणि येणं यांच्या मध्ये घड्याळ बदलण्याचा तो रविवार येता कामा नये.

सहावी पायरी : तारीख तपासा, दोनदा

इथे चूक झाली तर तिकीटच जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्याच नात्यातल्या एका जोडप्याचं विमान १४ तारखेला रात्री २:२० चं होतं. ते १४ तारखेला संध्याकाळी कोल्हापूरहून निघाले, सगळ्यांचा निरोप घेऊन, शेव-चिवड्याचे डबे बांधून. विमान त्यांच्या आदल्या रात्रीच उडालं होतं. १४ तारखेचे रात्रीचे २:२० म्हणजे १३ तारखेची रात्र. बोलताना आपण 'चौदाची रात्र' म्हणतो ती चौदाच्या संध्याकाळनंतरची; विमानाच्या वेळापत्रकात १४ तारीख १३ च्या मध्यरात्री बाराला सुरू होते.

म्हणून निघण्याची वेळ ००:०० ते ०५:०० च्या मध्ये असेल, तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा : 'घर सोडायचं १३ तारखेला, दुपारी.' वार पण लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला ते वाचायला लावा.

पोचण्याच्या वेळेपुढे '+१' असं चिन्ह असेल, तर ते दुसऱ्या दिवशीचं. लंडनहून मुंबईला येताना हे बहुतेक वेळा असतं. मुंबईत न्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना हा '+१' विसरू नका.

सातवी पायरी : थेट की थांबा घेऊन?

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न. दुबईमार्गे गेलं तर किती लांब पडतं? मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–हिथ्रो सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०. थेट सरळ अंतरापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त! दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. तरी एकूण प्रवास बारा-तेरा तासांपासून वीस तासांपर्यंत जातो, तो दोन वेळा चढण्या-उतरण्यामुळे आणि मधल्या थांब्यामुळे.

तेव्हा तिकिटं तुलना करताना अंतर सोडून द्या आणि 'एकूण कालावधी' हा आकडा वाचा. थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल, तर वयस्कर माणसांसाठी मी तो घेऊ नये म्हणेन. आखातातले विमानतळ मोठे आहेत, एका दारापासून दुसऱ्या दाराला अर्धा तास चालावं लागू शकतं. व्हीलचेअर हवी असल्यास तिकीट काढतानाच नोंदवा, त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते.

मावशीसारख्या पहिल्यांदा, एकट्याने निघालेल्या माणसासाठी माझं मत स्पष्ट आहे : चार पैसे जास्त गेले तरी थेट विमान.

आठवी पायरी : छापील वेळ खरी ठरते का ते बघा

वेळापत्रक हा अंदाज असतो. प्रत्यक्षात काय घडतं ते बघायची सोय आज फुकट आहे. फ्लाइटरडार २४ किंवा फ्लाइटअवेअर हे संकेतस्थळ उघडा आणि तिकिटावरचा विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं हे ओळीने दिसतं. सात दिवसांचे आकडे एका कागदावर उतरवा. सातांपैकी पाच वेळा तासभर उशीर असेल, तर पलीकडची गाडी त्या हिशेबाने ठरवा. नकाशावर मार्गाची रेषाही दिसते, ती तुमच्या दोऱ्याशेजारी ठेवून बघा. विमान कुठे आणि का वळलं हे तुम्हाला आता ओळखता येईल.

अंतर आणि तास यांचा उपयोग भरपाईच्या नियमांतही होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भारतात विमान कंपनीने आधी न कळवता उड्डाण रद्द केलं, तर भरपाईची पातळी प्रवासाच्या तासांवर ठरते : एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. ब्रिटनमध्ये तास न धरता अंतर धरतात, तेही सरळ अंतर. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशीर झाला, तर ५२० पौंड. लंडनहून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. आपलं अंतर ७,२१२ असल्याने परतीच्या प्रवासात तुम्ही सगळ्यांत वरच्या गटात बसता. वादळ, बंद झालेली हवाई हद्द अशा कारणांना दोन्हीकडे सूट आहे. बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.

नववी पायरी : दारापासून दारापर्यंत

मावशीचे दहा तास हे विमानातले. तिचा प्रवास त्याहून पुष्कळ मोठा. साताऱ्याहून सहारला पाच-सहा तास धरायचे, घाटात अडकलं तर जास्त. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे दुपारी एकच्या विमानाला सकाळी दहाला दारात. चेक-इन निघण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहीआधी. उलटा हिशेब केला की साताऱ्याहून पहाटे तीन-चारला निघावं लागतं, किंवा आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा लागतो. मी तिला मुक्काम करायला लावला.

हिथ्रोला उतरल्यावर चालणं, इमिग्रेशन, सामान यांत तास-सव्वातास सहज जातो. तिथून मध्य लंडनला हिथ्रो एक्सप्रेस ही रेल्वे पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटांत नेते पण महाग आहे, एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासाच्या आसपास, पिकॅडिली लाइन पाऊण-एक तास घेते आणि स्वस्त पडते. दोन मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइन बरी.

औषधांचं एक सांगतो. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ अशा गोळ्या असतील, तर प्रवासाच्या दिवशी घड्याळ न बघता मधले तास मोजा. जूनमध्ये लंडनला नवाच्या पुढेही उजेड असतो. दुपारी मुंबई सोडून सूर्यामागे पळत गेलेल्या माणसाला विमानात रात्र भेटतच नाही, आणि 'अजून रात्र कुठे झालीय' म्हणून गोळी राहून जाते. मावशीने मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवलं आणि त्याप्रमाणे गोळी घेतली. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळा लिहूनच घ्याव्यात, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत.

न्यायला येणाऱ्यांसाठी

विमान मुंबईहून उडालं की लगेच क्रमांक टाकून पोचण्याची नवी वेळ बघा. उडाल्यानंतर दाखवलेली वेळ तिकिटावरच्या वेळेपेक्षा भरवशाची असते. शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा एकदा बघा, घिरट्यांमुळे दहा-वीस मिनिटं पुढेमागे होतात. पडद्यावर 'लँडेड' आलं म्हणजे आई बाहेर आली असं नव्हे. त्यानंतर तासाभराने ती सामानाची गाडी ढकलत दारातून येईल. तिचा फोन तिथे चालेलच असं नाही, म्हणून कुठे उभं राहायचं ते आधीच ठरवा : कितवं टर्मिनल, आगमनाच्या दाराबाहेरचं कोणतं कॉफीचं दुकान. ते एका कागदावर मराठीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवायला सांगा, आणि खाली इंग्रजीतही लिहा, म्हणजे तो कागद तिला कुणालाही दाखवता येईल.